कारण निवडा

कल्पना करा मुलांनो, तुम्ही ढाणकी गावातल्या एका तेलघाण्यात उभे आहात. घाणा अर्ध्यातच थांबवलाय. दारात गिऱ्हाइकं जमलीत. आणि तुमचे अब्बू, तुमच्या देखत, एका म्हाताऱ्या माणसाला चोर म्हणताहेत.

सहावीतली जिया अशीच उभी होती. तिचा बाप अरसलान हातातला टॅब नाचवत होता. त्याच्यासमोर मारोतीकाका होते. जियाचे आजोबा रहमतचाचा यांच्या काळापासून ते या घाण्यावर होते. अरसलान त्यांना जन्मभर ‘मारोतीभाऊ, तुम्ही’ म्हणत आला होता. आज तो ‘तू’वर आला.

“महिनाभर पेंडीची चोरी दाखवून राह्यला हा टॅब. रोजच्या रोज. चावी ठेव आन् निंघ.”

मारोतीकाकांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली चावी सोडली आणि तेलाच्या पिंपावर आपटली.

“उद्या त्या टॅबलेच घाण्यावर उभं कर,” ते म्हणाले. “पाहू किती तेल काढते.”

तेल निघाल्यावर मागे उरते ती पेंड. तिळाची ताजी, गरम पेंड गुळासोबत खाल्ली आहे का कधी? नसेल तर तुमच्या गावात घाणा नाही असं समजा. या घाण्यावर रीतच होती. कोणाचंही लेकरू दारात आलं की त्याच्या हातावर पेंडीचा गोळा आणि गुळाचा खडा. ही रीत रहमतचाचांनी घातली होती, आणि मारोतीकाका ती पाळत आले होते. अरसलान त्याच गोळ्यांवर वाढला होता.

मग मोठ्या कारखान्यांसारखं आपल्याकडेही सॉफ्टवेअर हवं, असं त्याच्या मनानं घेतलं. माल किती आला, त्यातून काय निघालं, कुठे काय घटलं, याचा सगळा मेळ ते घालतं. औषधांच्या कारखान्याला ते एक तऱ्हेचं लागतं, कापडाच्या गिरणीला दुसऱ्या तऱ्हेचं. अरसलाननं आणलं ते नटबोल्टच्या कारखान्यासाठी बनवलेलं होतं. एका दोस्ताकडून स्वस्तात मिळालं म्हणून. माल तो माल, त्यात काय एवढं, असं तो म्हणाला होता. संध्याकाळी पेंड तोलून आकडा भरायचं काम त्यानं जियावर टाकलं, कारण तिची बोटं भराभर चालायची. स्वतः त्यानं महिनाभर टॅब उघडलाच नाही. आज उघडला, तर सगळीकडे लाल अक्षरं.

“चोरी मी लिहिली, अब्बू,” जिया म्हणाली.

अरसलान गर्रकन वळला. काकांना चोरताना पाहिलं का, असं त्यानं दरडावून विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. तिलाही राग आला होता.

“पेंड कमी भरली का ते ‘कारण निवडा’ म्हणते. तुटलं, गंजलं, चोरीला गेलं. तीनच हाय त्यात. पेंड तुटली नाही, गंजली नाही. मंग खोटं कायले लिहू? लेकरायले देल्ली, असं त्यात नाहीच.”

दारातलं कोणीतरी हसलं. ते हसू अरसलानला चटका बसावा तसं लागलं. चूक दिसली की काही माणसं शरमतात आणि काही अजून भडकतात. अरसलान भडकला. कंपनीला फोन करून चौथं कारण टाकून घेता आलं असतं. पिंपावरची चावी उचलून परत देता आली असती. त्याला तेवढंही सुचलं नाही.

“लेकरायले वाटली असंन,” तो ओरडला. “पण माल माहा हाय. माह्या मालातलं मले न इचारता कोणाले देणं म्हणजे चोरीच. अन् खाणाराबी चोर.”

मारोतीकाका बाहेर गेले. सायकल काढली. इतकी वर्षं ज्या दारातून ते आत आले, त्या दाराकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जियानं टॅब बापाच्या हातातून घेतला आणि पिंपावर चावीशेजारी ठेवला. मग गर्दीतून वाट काढत ती सायकलपाशी गेली, आणि कॅरिअरवर चढून बसली.

“मलेबी घेऊन चाला, काका,” ती म्हणाली. “सगळ्यात जास्त पेंड मीच खाल्ली.”