उताराचं उत्तर

त्या कार्डाला ग्रंथपालांनी कधी उत्तर दिलं नव्हतं. नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी लोक त्यांना ग्रंथपालच म्हणत, आणि कार्ड त्यांच्या जाडजूड शब्दकोशात खूण म्हणून पडून होतं. एका बाजूला बर्फातल्या लाकडी घराचं चित्र. दुसऱ्या बाजूला मित्राचं तिरपं अक्षर:

"गड्या, या हिवाळ्यात वर ये. उतरायची काळजी सोड. मागच्यासारखे हाल होणार नाहीत. खाली गाद्या घालून ठेवल्यात."

आज ते आठवायचं कारण म्हणजे जेवणाच्या टेबलावर पसरलेला नकाशा. लेक, जावई आणि नात त्यावर ओणवे झाले होते.

"सगळ्यात उंचावरचं गाव हेच," जावई म्हणाला. "दुसरीकडे बर्फ असेल नसेल, इथे हमखास. फक्त एवढ्या उंचीवर पहिल्या दिवशी डोकं धरतं म्हणे. तेव्हा नुसतं बसून राहायचं."

"ते मला जमतं," ग्रंथपाल म्हणाले.

सगळे हसले. तेही हसले. नकाशावरच्या त्या गावाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

कॉलेजात असताना ते तिथे गेले होते. दहा-बारा मुलं एका माळ्यावर, शिडीने चढून, फळ्यांवर अंग मुडपून झोपायची. दिवसा स्की शिकायची. शेवटच्या दिवशी सगळे तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर गेले आणि एकेक करून उतारावरून खाली निसटले. ग्रंथपाल तेवढे उभे राहिले. मग बसले. उठताच येईना. शेवटी बचावपथकाच्या दोघांनी त्यांना घसरगाडीवर आडवं केलं, हनुवटीपर्यंत कांबळं ओढलं, पट्टे आवळले आणि जेवायला बसलेल्या गर्दीसमोरून खाली नेलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्याने हसला तो मित्र.

पुढे मित्र त्याच गावात लग्न करून राहिला. मग ते कार्ड आलं. ग्रंथपालांनी ते दारातच उभ्याने वाचलं आणि त्यांचे कान तापले. खाली गाद्या. सर्कशीत कुणी तारेवर चढलं की खाली घालतात तशा.

"बाबा, तुमच्या बुटांचं माप?" लेकीने विचारलं.

"मी येत नाही. तुम्ही जाऊन या."

"का?"

"थंडी."

"थंडी काय फक्त तुम्हालाच वाजते?" जावई म्हणाला. "हे बघा बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला एकटं टाकून आम्ही काही जाणार नाही. तुम्ही नाही तर कुणीच नाही."

नात नवे हातमोजे घालून बसली होती. तिने ते काढले, एकात एक खोचले आणि पिशवीत ठेवले. ग्रंथपालांना स्वतःची लाज वाटली. एवढा मोठा माणूस, आणि एका जुन्या हसण्यापायी पोरीचा हिवाळा बुडवतो.

"येतो," ते म्हणाले. "पण मी खालीच बसणार."

"बसा हो. तुम्हाला कोण ढकलतंय?" लेक म्हणाली. मग नकाशावर बोट ठेवून, "तिथे तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? काल हिने शब्द शोधायला तुमचा शब्दकोश काढला, त्यात घराचं चित्र असलेलं एक कार्ड होतं."

"कुणी नाही," ते म्हणाले. "खूण आहे ती."

लेकीने फार विचारलं नाही. लेकीशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते उगाच नकाशाची कड सारखी करत राहिले.

दुपारी त्यांनी दार लोटून घेतलं. गाव छोटं. मित्र भेटणारच, चार लोकांत पाठीवर थाप मारणारच, आणि नातीसमोर ती घसरगाडीची गोष्ट रंगवून सांगणारच. त्याच्या आधी त्याला गप्प करायला हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं जपणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या चार ओळी जुळवताना घाम फुटला. दोन कागद फाडले. तिसरा राहिला:

"नातीसाठी तुझ्या गावात येतो आहे. तुझ्या दारात येणार नाही. भेटलास तरी ओळख दाखवू नकोस. खाली घातलेल्या गाद्या तुलाच लखलाभ."

वाचून पाहिल्यावर ते आपलं वाटेना. आपण असे नाही, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, असेही असू. त्यांनी पाकीट चिकटवलं. निघायच्या आत ते वर पोचलं असतं.

संध्याकाळी लेक औषधांच्या दुकानात निघाली तेव्हा तेही काठी घेऊन बरोबर निघाले. वाटेत तिला फोन आला. ती बोलत बोलत मागे राहिली. मधेच हसली, मग बराच वेळ नुसती ऐकत होती.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी ग्रंथपाल थांबले. पाकीट फटीत अर्धं घातलं, बाहेर काढलं. मागून लेकीची पावलं जवळ आली. तिने पत्ता पाहू नये म्हणून त्यांनी घाईने ते सोडून दिलं. आत तळाशी बारीकसा आवाज झाला.

"बाबा, रागावू नका हं," लेक फोन पिशवीत टाकत म्हणाली. "त्या कार्डावर घराचं नाव छापलं होतं, त्यावरून मी नंबर शोधून खोल्यांसाठी निरोप ठेवला होता. मागचं वाचलं नाही. तुमच्या मित्राचाच फोन होता. आपल्या चौघांची उतरायची सोय झाली, त्यांच्याच घरी. तुमचं नाव ऐकून फार खूश झाले. मग म्हणाले, 'पुन्हा माळ्यावर नाही झोपवणार त्याला. खालच्या खोलीत गाद्या घालून ठेवल्यात, हे मी त्याला तेव्हाच कळवलं होतं.'"