सोड्याचं पाणी

शर्ट सोड्याच्या पाण्यात बुडवला आणि त्याचा डावा खांदा गुलाबी झाला.

कालिंदीनं तो घाईनं वर काढला. काल संध्याकाळी ह्यांनी काढून मोरीत टाकला तेव्हा तो पांढराशुभ्र होता. आता खांद्यावर पुसट गुलाबी डाग. जिथं कुणी डोकं टेकावं, नेमका तिथं.

"वैनी, रंगपंचमी होऊन महिना झाला की," पलीकडं भांडी घासणारी धोंडुबाई म्हणाली. "सायबांवर ह्यो रंग कुणी टाकला म्हणायचा?"

"विटेचा असेल. तुम्ही भांड्यांकडं बघा."

"वीट अशी गुलाबी असती व्हय? असंल बाई. मला अडाण्याला काय कळतंय." धोंडुबाईनं पातेल्यावर राख दाबून फिरवली. "पर माझा मालक असा रंगून आला असता, तर उंबऱ्यातच इचारलं असतं मी."

साहेब लाचलुचपत खात्याच्या कोल्हापूर कचेरीचे मुख्य. त्यांचं नाव ऐकलं की भल्याभल्या अधिकाऱ्यांच्या हातातला चहा गार व्हायचा. घरी मात्र कचेरीचा एक शब्द नाही. कुणी गुळाची ढेप धाडली तर ती आल्या पावली परत. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला बोलवायला बिचकायच्या. ते सगळं कालिंदीनं गोड मानून घेतलं होतं. पण परवा जेवताना ते आपणहून बोलले.

"पंच म्हणून एक इनामदारबाई मिळाल्यात. कुणाच्या घरात सापळा लावायचा तर साक्षीला बाईमाणूस बरं पडतं. धीट आहेत."

धीट! तो शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. लेकीच्या, छबूच्या जन्माच्या वेळी अख्खी रात्र कळा काढल्या, तोंडातून आवाज काढला नाही. तेव्हा कुणी तिला धीट म्हटलं नव्हतं.

आणि काल. पलंगाला धरून नुकतीच उभी राहायला लागलेली छबू त्यांना बघून दोन्ही हात पसरून हसली. ते मागं सरले. "नको. धर तिला," म्हणाले. मग साबण लावून हात धूत बसले, धूत बसले. त्यानंतरही लेकीला घेतलं नाही. भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

बाहेरचीला डोकं टेकायला खांदा द्यायचा आणि पोटची पोर तेवढी नको.

कालिंदीनं शर्ट पिळून सावलीत टाकला. छबूची झबली पिशवीत भरली. वर तिचा खुळखुळा. गडमुडशिंगीला आण्णा होता, तिचा भाऊ. दुपारच्या गाडीनं निघायचं. दोघींचा खर्च काही त्याला जड नव्हता.

साहेब जेवायला आले. तिनं पाट मांडला नाही. ओलसर शर्ट त्यांच्यापुढं धरला.

"तुमच्या इनामदारबाई कुठली लाली लावतात हो?"

ते शर्टाकडं बघत राहिले. मग खुर्चीत बसले.

"सोड्यात घातलास?"

"मी काय विचारलं?"

"लाली नाही ती. पूड आहे. सापळ्यातल्या नोटांना लावतो आम्ही. नुसती दिसत नाही. सोड्याच्या पाण्यात गेली की गुलाबी होते. ज्यानं नोटा घेतल्या त्याचे हात त्या पाण्यात बुडवायचे. पाणी रंगलं की सुटका नाही."

कालिंदीनं शर्ट खाली घेतला. पण मनातला काटा निघाला नव्हता.

"असेल पूड. पण लाच घेणारा बाप्या तुमच्या गळ्यात कशाला पडेल? इनामदारबाईंचा हात लागला असेल नोटांना. तिथनं तुमच्या खांद्याला."

त्यांनी मान खाली घातली.

तिला तेवढं पुरलं. शर्ट पलंगावर भिरकावून तिनं पिशवी उचलली. छबूला घ्यायला वळली, तर छबू पलंगाला धरून उभी होती. समोर शर्ट पसरला होता. नवं काही दिसलं की हात मारायचा, ही तिची खोड. तिनं खांद्यावर पंजा थापला.

डाग नाहीसा झाला.

कालिंदीनं तिचा हात उचलला. खाली डागाला चार इवलीशी बोटं होती. बाजूला अंगठा. सकाळी ओल्या चुरगळलेल्या कापडात ती दिसली नव्हती. तिनं छबूचा हात हळूच परत ठेवला. लेकीच्या बोटांभोवती गुलाबी कड तेवढी उरली.

पिशवी तिच्या हातातून खाली गेली.

"कुणाची हो?"

"त्याचीच. काल ज्याला धरलं त्याची." ते जमिनीकडं बघत होते. "हिच्याहून वर्षभरानं मोठी. आम्ही घरात शिरलो तसं बापानं नोटा तिच्या हातात कोंबल्या. आई किंचाळली. पोर भेदरली. इनामदारबाईसुद्धा जागच्या हलल्या नाहीत. मी उचललं. घट्ट धरून बसली खांद्याला. सोडेना."

"मग?"

"मग काय. नोटा तिच्या हातात सापडलेल्या. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. साहेब मी. तिचे हात मीच बुडवले पाण्यात."

कालिंदीनं छबूला उचललं आणि त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी हात पुढं केले. अर्ध्यावर थांबवले, तळवे उलटे करून बघितले.

"पाणी गुलाबी झालं, तशी हसली गं ती. बापाकडं बघून टाळ्या पिटल्या. आणि मला म्हणाली, 'काका, आनिक एकदा.'"