बांधावरचा प्रश्न

आमदार अनिताताई पेणच्या खाडीकाठी धोंडुबाईच्या भातशेतात उभ्या होत्या आणि भरतीचं खारं पाणी पोटरीला लागत होतं. फुटलेल्या बांधाबद्दल त्यांनी विधानसभेत लेखी प्रश्न विचारला होता, त्याचं छापील उत्तर त्यांनी मोठ्यानं वाचलं, "बांधाची दुरुस्ती पूर्ण झाली आहे." धोंडुबाईनं पदर खोचला. "मंग हा कागद या पाण्याला वाचून दाखवा, ताई. सरकारचं ऐकून माघारी जाईल." ताईंना आपली चूक उमगली. 'दुरुस्ती झाली काय?' असं विचारलं, की मंत्र्यांना 'होय' म्हणून सुटता येतं. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि फुटक्या बांधावरच बसून नवा प्रश्न लिहिला: 'दुरुस्त झालेला बांध कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला प्रत्यक्ष पाहिला?' "त्याचे पाय भिजले का, ते पन विचारा," धोंडुबाई म्हणाली. सही करायच्या आधी ताईंनी तेही लिहिलं.