नाना अमळनेर

नानांचे दिवस करून मी परत नोकरीवर निघाले होते. दोहाच्या विमानतळावर फुकटचं वाय-फाय शोधताना ‘नाना अमळनेर’ दिसलं. वडिलांच्या हॉटस्पॉटला मीच दिलेलं नाव. फोन आपोआप जोडला गेला.

मी लगेच भावाला, हितेंद्रला, फोन केला.

“ताई, नानाना फोन कपाटमा शे. बंद शे. तू चहा पी बरं.”

विमानाची वेळ झाली. इथून हलले की तुटेल, म्हणून पाय निघत नव्हता. शेवटी निघाले, तर सिग्नल वाढतच गेला.

विमानात खिडकीशी बसलेल्या अनोळखी मुलीने आपला फोन माझ्यापुढे धरला. “हे नेटवर्क तुमचं आहे का? अगदी जवळ दाखवतंय.”

आमच्या मधली सीट रिकामी होती.