मधलं दार

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही शाळेतून घरी येता, दप्तर टाकता आणि बघता तर काय, तुमच्या घरातून आजोबांच्या खोलीत जायचं दारच नाही! चौकट उखडून अंगणात पडलेली आणि त्या जागी एक गवंडी विटा रचतोय. भिंत छातीपर्यंत आलीसुद्धा. पलीकडून आजोबा हात हलवतायत.

आपल्या गोष्टीतल्या मुलीचं अगदी असंच झालं. ती नऊ वर्षांची होती. ऊठसूट वाद घालायची, म्हणून आजोबा तिला वकीलबाई म्हणत.

"हे काय चाललंय?" तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"पालिकेचा नवा नियम," बाबा म्हणाले. "आपल्या गल्लीत एका प्लॉटवर दोन कुटुंबं राहत असतील, तरच वरचा मजला बांधू देतात. दोन कुटुंबं म्हणजे दोन दारं, दोन स्वयंपाकघरं आणि मधे सलग भिंत."

"पण आपण तर एकच आहोत."

"कागदावर दोन व्हायचं. तपासणी झाली, शिक्का बसला, की भिंत पाडायची. मग वर तुला खिडकीवाली खोली."

"आणि आजोबा?"

"मी कुठं पळून चाललोय?" आजोबा विटांवरून म्हणाले. "माझी खाट भिंतीला खेटूनच आहे. सकाळी उठलीस की तीनदा टकटक कर. मी पण करीन."

"डोकं आत घ्या आजोबा," गवंडी म्हणाला, "नाहीतर तुम्हालाही गिलावा करून टाकीन."

सगळे हसले. संध्याकाळपर्यंत हसायला पलीकडचं कुणी दिसेनासं झालं.

आजोबांच्या खोलीत एक शेगडी आली, दोन पातेली आली. पहिले दोन दिवस आई गल्लीतून वळसा घालून त्यांचं ताट नेऊन देत असे. मग बाबा म्हणाले, तपासणीवाले कधीही येतील, ताट बघितलं तर सगळं मुसळ केरात. तेव्हापासून भिंतीपलीकडून रोज उतू गेलेल्या दुधाचा वास यायचा. पण सकाळची टकटक चुकली नाही.

रात्री जेवणं झाली की बाबा खुर्चीवर निरीक्षक होऊन बसत.

"पलीकडे कोण राहतं?"

"माझे आजो..."

"चूक. पुन्हा."

"पलीकडे एक वेगळं कुटुंब आहे. आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही."

"शाब्बास. मान खाली घालून नाही, डोळ्यांत बघून म्हणायचं."

चार दिवसांत तिचं उत्तर पाढ्यांसारखं पाठ झालं.

मग सह्यांचा दिवस आला. बाबा आणि ती वळसा घालून आजोबांच्या खोलीत गेले. भिंत बांधताना आजोबांचा चष्मा भिंतीच्या अलीकडे, मुलीच्या घरात राहिला होता, तो आणायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. बाबांनी कागदावर बोट ठेवलं. "इथं. इथं. आणि इथं."

"आधी आमच्या वकीलबाईंना वाचू दे," आजोबा म्हणाले.

तिनं पहिला कागद मोठ्यानं वाचला. 'मी माझ्या मुलापासून स्वखुशीनं वेगळा राहतो.' दुसराही तोच होता. तिसऱ्याला तिनं हात घातला.

"तिन्ही सारखेच गं," बाबा म्हणाले. "पालिकेला तीन प्रती लागतात."

तिसरा कागद जरा जाड होता. आजोबांनी सही केली.

तपासणीला दोघे आले. एकाच्या गळ्यात ओळखपत्र आणि हातात टेप. त्यानं दारं मोजली, शेगड्या मोजल्या, भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. मग तो मुलीसमोर वाकला. तिनं त्याच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं, एक अक्षरही न चुकता.

दुसऱ्याकडे टेप नव्हती, वही नव्हती. त्यानं आजोबांच्या खोलीतला नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून पाहिली.

"दुपारचं ऊन येतं का गं इथं?" त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"थंडीत येतं. आजोबा तिथंच बसतात."

"आणि शाळेची बस कुठं थांबते?"

हे पाठांतरात नव्हतं, तरी तिनं सांगितलं. मोठ्या माणसानं काही विचारलं की तिला बरं वाटायचं.

शिक्का बसला. बाबांनी तिला उचलून गोल फिरवलं.

त्याच आठवड्यात आजोबांचा खोकला वाढला. ओल्या गिलाव्यामुळे, बाबा म्हणाले. आठ दिवस आत्याकडे राहू दे, तोवर आपण भिंत पाडून घेऊ. आजोबा एका पिशवीनिशी निघाले. जाताना त्यांनी तिच्या कपाळावर तीनदा टकटक केली.

तिनं दिवस मोजले. भिंत तशीच राहिली. "गवंड्याला सवड नाही," बाबा म्हणायचे. आई ओटा पुसत राहायची, पुसलेलाच.

नवव्या दिवशी सकाळी ती बुटाची नाडी बांधत होती. भिंतीपलीकडे खाट सरकवल्याचा आवाज आला. ती एका पायात बूट घालूनच धावली. टक. टक. टक.

पलीकडे सगळं थांबलं.

"कोण आहे?" घोगरा आवाज आला. "आम्ही आजच राहायला आलोय. तिकडे कोण राहतं?"

बाबा मागं येऊन उभे राहिले होते. "सांग ना," ते हलकेच म्हणाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिनं तो हात बाजूला केला. वळली, बाबांच्या डोळ्यांत बघितलं आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"इकडे एक वेगळं कुटुंब आहे. माझा त्यांच्याशी काही संबंध नाही."