माटोळीतली रिकामी दोरी

"अहो बाबा, लाकडाचं आहे असं वाटतंय तरी का?" सुनेने सावंतवाडीहून आणलेलं कवंडळ वर धरलं. लालबुंद, गुळगुळीत, खऱ्याहून देखणं.

गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या लाकडी चौकटीत बाकीची सगळी रानफळं लागली होती. फक्त कवंडळ राहिलं होतं. तिचे सासरे पुंडलीकबाब सकाळभर काट्याकुट्यांत हिंडून रिकाम्या हातांनी परतले होते. दरवर्षीच्या वेलींचा डोंगरच रिसॉर्टसाठी कापला होता.

"कारागिराच्या हातात गुण आहे गो, पण देव काय शोकेसमध्ये बसलाय?" ते वैतागून म्हणाले आणि कवंडळाची दोरी त्यांनी रिकामीच लोंबत ठेवली.

संध्याकाळी कीर्तनाला आलेले बुवा माटोळीकडे बघून हसले. "पुंडलीकबाब, एक फळ विसरलात!"

"विसरलो नाही, बुवा. तिथे यंदा डोंगराचं गाऱ्हाणं टांगलंय."