मिठाची खूण

राही मटण करायची, पण तुळशीची माळ घातल्यापासून जिभेला लावायची नाही. मीठ चाखायचं काम नवऱ्याचं, बाबासोचं. लकव्यानं त्याची वाचा गेली, मानही हलेना, तेव्हा तिनं खूण ठरवली, "बरुबर आसंल तर डोळं घट्ट मिटा." आज, लेकीला माहेरी धाडून रुसलेले व्याही तिला न्यायला कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आले होते. धांदलीत राहीनं मीठ दोनदा टाकलं. कॉटवरून बाबासोनं दोन्ही वेळा पाहिलं. चमचाभर रस्सा तोंडात पडताच त्यानं डोळे सताड उघडले. "आवो, कळंना. आजून येक घोट घ्या," म्हणत तिनं वाफाळती पळी जवळ धरून मायेनं फुंकर घातली. तिखट वाफ डोळ्यांत शिरली, पापण्या गच्च मिटल्या. "झ्याक जमलंय! वाढ गं पोरी," राही हरखली. त्याचे डोळे उघडेपर्यंत बाहेर व्याह्यांनी रश्शात भाकरी चुरली होती.